"आज पहाटेची" कोळंबी आणि माझे १४०० रुपये

जुलैमधली गोष्ट. बाबांचा वाढदिवस, त्यांना बटाटा घातलेलं कोळंबीचं सुकं भयंकर आवडतं म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण मासे विकतो त्याच्याकडून २ किलो सोललेली कोळंबी मागवली, १४०० रुपये. मेसेज होता "आज पहाटेची, बोटीवरची". खरंतर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते मग ही आली कुठून? पण रविवार होता, कोण एवढा विचार करतो.

डबा उघडला तर वर भरपूर बर्फ, कोळंबी पांढरीशुभ्र, एक काळा डाग नाही, वासही काही नाही. मी खूश. अर्ध्या तासाने बर्फ वितळला आणि आई किचनमधून ओरडली, "अरे हिला खवट वास मारतोय, जुन्या शेंगदाण्यासारखा!" मी म्हटलं तुला उगाच वाटतंय. आलं-लसूण, मालवणी मसाला, चार आमसुलं, सगळं घातलं तरी घास गिळल्यावर घशाशी तेलकट कडवटपणा राहिलाच. बाबा बिचारे काही बोलले नाहीत, बटाटे वेचून खाल्ले.

मेव्हणा पूर्वी एक्स्पोर्टच्या फॅक्टरीत क्वालिटीला होता, त्याला फोन लावला. तो म्हणे कोळंबीत चरबी जेमतेम एक-दोन टक्के, पण ती अशी की हवेने पटकन बिघडते, आणि बर्फाने जंतू मंदावतात तरी चरबी हळूहळू खवट होतच राहते. डोक्यात ते नारिंगी-पिवळं असतं ना, तिथे चरबी जास्त, डोक्यासकट बरेच दिवस ठेवली की तो रस अंगात उतरतो आणि मांस पण पिठूळ पडतं. मग असा माल सोलायचा, धुवायचा, वर नवा बर्फ, झाली पहाटेची! काळे डाग ही भानगडच वेगळी, पावडरच्या पाण्यात बुडवली की ते येत नाहीत, म्हणजे माझं "पांढरी तर ताजी" हे युट्यूबवरचं ज्ञान गेलं पाण्यात. आणि गार असताना वास दबतो तो दबतोच.

त्या माणसाला मेसेज केला तर "दादा मासे रिटर्न होत नाहीत" आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

आता बाजारात डोक्याची कोळंबीच घेतो, एक उचलून मुठीत जरा गरम करतो आणि मग हुंगतो. कोळीण मावशी हसते, म्हणते "घे रे, अत्तर नाय ते."