एकच खिळा, पाच पंक्चर

दुचाकीच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतलेला, हवेचा दाब ३० वरून १८ पीएसआयवर आलेला. महामार्गालगतच्या टपरीत पंक्चरवाला पक्कडीने खिळा उपसतो, भोकात रबरी पट्टी ठोसतो आणि सहज विचारतो, "साहेब, पूर्ण टायर चेक करून देऊ?" फसवणूक सुरू होते ती इथे.

टायरवर शाम्पूचा दाट फेस ओतला जातो. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात चिंधी. त्या चिंधीत बारीक टोचा असतो. पुसायच्या निमित्ताने तो टायरच्या खाचेत खुपसला की फेसातून बुडबुडे उठतात. "हे बघा, अजून एक!" असे चार निघतात, पैसे नगावर. वर "टायर संपलंय, ट्यूबच टाका."

नीट विचार करा. खिळा आत असतो तोवर रबर त्याला आवळून धरतं, म्हणून हवा हळूहळू जाते. उघड्या भोकातून ती सूंऽऽ करून निघते. खिळ्याशिवाय आणखी चार उघडी भोकं असलेलं टायर १८ पीएसआय घेऊन टपरीपर्यंत पोचलंच नसतं! ज्या भोकात खिळा, तार, काच काहीच सापडत नाही, त्याचे पैसे देऊ नका.

ट्यूबचा सल्ला तर मुळीच मानू नका. पट्ट्यांची आत राहिलेली टोकं ट्यूबला घासत राहतात, आणि ट्यूबला खिळा लागला तर हवा व्हॉल्व्हच्या भोकातून भसकन जाते, मागचं चाक लटपटतं. स्पोकच्या साध्या रिममध्ये निपलमधून, म्हणजे स्पोक रिमला बसतो तिथून, हवा गळते, म्हणून तिथे ट्यूब लागते. धड असलेल्या, बिनस्पोकच्या अलॉय रिमला नाही. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर मात्र टायरच बदलायचं.

टपरीवर गाडी लावण्याआधी खिळा स्वतः शोधून खडूने खूण करा. चिंधी बाजूला ठेवायला लावा. हवा भरल्यावर पट्टीवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पातळ पाणी टाका. व्हॉल्व्हची पिन मुद्दाम सैल ठेवलेली असू शकते. बुडबुडा नाही, म्हणजे काम झालं.

त्याहून बरं, डिकीत पट्ट्या, भोक घासायची कानस, पट्टी ओवायची सुई, चिकटवायचं सोल्युशन आणि छोटा पंप ठेवा. खिळा ज्या कोनात होता त्याच कोनात कानस चार-पाच वेळा फिरवा. सोल्युशन लावलेली पट्टी सुईत मधोमध ओवून, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहतील इतकी आत दाबा. सुई न पिळता झटक्यात सरळ ओढा. टोकं अगदी टायरलगत कापू नका, दोन-तीन मिलीमीटर राहू द्या.