फ्रेंच ड्रेन, काही महिने वापरल्यावर: पाइपपेक्षा टोपण मोलाचं

फ्रेंच ड्रेन म्हणजे जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करून दूर नेणारा चर: आत छिद्रांचा पाइप, भोवती खडी आणि माती अडवायला कापड. पाइप मातीखाली गेल्यावर काय होतं, ते मात्र फार कमी जण सांगतात. कारण जे व्हायचं ते बहुधा ठेकेदाराचा हिशेब चुकता झाल्यावरच होतं.

आमचं काम साधं होतं. मागच्या भिंतीला ओल धरायची, म्हणून भिंतीपासून थोडं अंतर सोडून वीसेक मीटरचा चर, 100 मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप आणि आवाराच्या खालच्या कोपऱ्यात उघड्यावर तोंड. पहिल्या पावसात काम झकास चाललं आणि मी चार जणांना शिफारसही करून टाकली. नंतर जोराच्या सरी आल्या तेव्हा तोंडातून आधी गढूळ धार, मग नुसती ठिबक, आणि भिंतीलगत परत चिखल. ठेकेदार म्हणाला, "साहेब, माती बसतेय, जरा दम धरा." माती बसत होती हे खरंच, फक्त ती पाइपाखाली बसत होती.

हे कळलं ते टोपणामुळे. पाइपचं वरचं टोक एंड कॅप (कायमचं बंद झाकण) मारून जमिनीत गाडून टाकायची ठेकेदाराची पद्धत. मी हटून बसलो आणि ते टोक उभ्या पाइपने जमिनीवर आणवलं, त्याला फिरकीचं टोपण बसवलं. "याचा उपयोग काय?" हे त्याने इतक्यांदा विचारलं की शेवटी मी उत्तर देणंच सोडलं. अख्ख्या कामात याच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नव्हती, आणि घासाघीस मात्र याच्यावरूनच सगळ्यात जास्त झाली.

पहिल्यांदा त्यातून बादलीभर पाणी ओतलं. खाली जवळजवळ काहीच आलं नाही. ठेकेदार हसला. छिद्रं खाली आहेत, पाणी आधी खडीत उतरणारच, असं म्हणाला, आणि इथे तो बरोबर होता. बादलीने काहीच सिद्ध होत नाही. नळी लावून बराच वेळ पाणी सोडावं लागतं, तळाची खडी भरली की मगच तोंडाशी धार दिसते. धार आली, पण मरतुकडी. मग वायरमन भिंतीतून वायर ओढायला वापरतात ती स्प्रिंग अडेपर्यंत आत सारली. बाहेर काढली तर टोकाचा साधारण हातभर भाग राखाडी गाळाने माखलेला, मागचा ओला पण स्वच्छ. आत गेलेली स्प्रिंग टोपणापासून चराशेजारी जमिनीवर पसरली, गाळाचा हातभर भाग कुठे येतो ते बघितलं आणि तेवढंच खणायला लावलं. पाइपला तिथे पोट आलं होतं, म्हणजे तो मध्येच खाली झुकला होता. पाणी साचत होतं, गाळ खाली बसत होता. टोपण नसतं तर अख्खा चर उपसावा लागला असता.

पोट का आलं? मजुराने तिथे चर जास्त खोल खणला आणि उपसलेलीच भुसभुशीत माती परत टाकून वर पाइप ठेवला. जास्त खोदलं गेलं तर ती जागा खडीने भरायची असते, किंवा माती थराथराने ठोकून घ्यायची असते. भुसभुशीत माती पहिल्या मोठ्या पावसात खचते आणि पाइपही सोबत घेऊन जाते.

ढाळाचंही तेच. मीटरला एक सेंटिमीटर हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण वीस मीटरला तो वीस सेंटिमीटर होतो आणि तेवढा डोळ्याने कळत नाही. चर "सगळीकडे सारखा दीड फूट" खणणारे भेटतील. त्याने पाइपला जमिनीचाच ढाळ मिळतो, चढउतारांसकट. मोजायचं ते जमिनीपासून नाही, ताणलेल्या दोरीपासून. गवंड्याची पाण्याची लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) यासाठी उत्तम, फक्त नळीत बुडबुडा राहिला तर ती बेधडक खोटं सांगते. आणि खणायला सुरुवात तोंडाकडून करा. पाणी बाहेर कुठे पडणार हे ठरल्याशिवाय वरून खणत आलं तर शेवटी तोंड जमिनीखालीच राहतं. त्याच्याही आधी, वीज, गॅस आणि पाण्याच्या लाइनी कुठून गेल्या आहेत ते बघून घ्या.

कापडाबद्दल माझं मत मध्येच फिरलं. पाइपवर मोज्यासारखं चढवायचं कापड मला आधी हुशारीचं वाटायचं: कमी कापड, कमी खर्च. पण खणल्यावर बघितलं तर खडीच्या फटीत चहूबाजूंनी माती शिरलेली. पाइप वाचवायच्या नादात खडी बुडवली, असा प्रकार. आमच्यासारख्या बारीक चिकणमातीत तो मोजा स्वतःच लिंपून बसतो. कापड चराच्या भिंतींना लावायचं, आत खडी भरायची आणि वरून दोन्ही पदर एकमेकांवर दुमडायचे. कापड न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवं. तण रोखायचं पातळ काळं कापड स्वस्त म्हणून घेऊ नका, मी ते हातात धरून बघितलं आणि परत केलं. खडी धुतलेली, 20 ते 40 मिलिमीटरची. चुरा मिसळलेली खडी दबून घट्ट बसते. रस्त्याखाली ते ठीक, इथे पाण्याला फटी लागतात.

छिद्रं वर की खाली, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. खाली. चरात पाणी तळापासून चढतं. छिद्रं वर ठेवली तर पाइपात शिरायला त्याला पाइपभर उंच चढावं लागतं. ज्यांच्या आडनावावरून या ड्रेनला नाव मिळालं त्या हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या सुरुवातीच्या चरांत तर पाइपऐवजी साधी कौलं होती, मध्ये बारीक फट सोडून मांडलेली. पाणी फटीतून आत यायचं, एवढंच. सगळीकडून खाचा असलेला लवचिक नालीदार पाइप असेल तर हा वादच उरत नाही, पण तो सरळ राहत नाही आणि त्याला पोट लवकर येतं. कडक पाइपचा आग्रह ठेकेदाराने धरला होता. त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

ते गुण लगेच कापतोही. त्याने छपराच्या पन्हळीचं पाणी याच पाइपात जोडलं होतं. म्हणजे छपरावरचा पाला, धूळ आणि धो धो पाणी छिद्रांवाटे थेट भिंतीशेजारच्या मातीत. ते पाणी बिनछिद्रांच्या वेगळ्या पाइपने दूर न्यायचं असतं. जोड तोडायला सांगितल्यावर त्याने वेगळे पैसे मागितले. दिले नाहीत. बरीच चिडचिड झाली, शेवटी त्याने केलं.

आता काम नीट चाललंय. गढूळ धार थांबली, भिंतीची ओल उतरतेय. वरून वाहत येणाऱ्या पाण्यासाठी मात्र याच्यावर विसंबू नका, त्याला आधी जमिनीचा उतार भिंतीपासून दूर करावा लागतो. खाली पाणी सोडायला जागाच नसेल आणि माती चिकण असेल तर शोषखड्डाही तुडुंब भरून बसतो, मग पंपाचाच विचार करा.

आणि टोपणाचं राहिलं. माझं जमिनीच्या जरा वर आहे आणि गवत कापायचं यंत्र त्याला आदळतं. पुढच्या वेळी जमिनीच्या बरोबरीने, वर झाकणाच्या डब्यासकट लावेन. टोपणाच्या उभ्या पाइपाखाली 90 अंशांचा एल्बोही (वळणाचा जोड) नको, 45 चे दोन घ्या, नाहीतर स्प्रिंग वळणावरच अडते. चराला मध्ये वळण असेल तर तिथेही आणखी एक टोपण लावून घ्या, ठेकेदार कितीही कुरकुरला तरी.