यूव्ही ट्यूब जाळीवर ठेवावी की पेटीच्या आत बसवावी?

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत मुलखातला सरडा. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे त्याच्या कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं; घरात पाळलेल्या सरड्याला हे किरण यूव्ही ट्यूबमधून द्यावे लागतात. ते कमी पडलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. आणि ट्यूब फार जवळ आली तर डोळे होरपळतात. त्यामुळे निवड करताना आधी अंतर बघायचं, बाकी सगळं नंतर.

हे अंतर ट्यूबपासून सरड्याच्या पाठीपर्यंत मोजा, तो ऊन खायच्या दगडावर पसरलेला असताना. तळापर्यंत टेप लावली की हिशेब फसतो: दगड 15 सेंमी, वर सरडा 5 सेंमी, म्हणजे सरळ 20 सेंमीची चूक.

काचेच्या टँकला वरून जाळी असते, तिथे ट्यूब जाळीवरच ठेवावी असं माझं मत. सरडा तिच्यापर्यंत पोचत नाही, वायरी बाहेर राहतात. पण जाळी साधारण 30 ते 40 टक्के यूव्हीबी अडवते, बारीक विणीची त्याहून जास्त, आणि धूळ बसली की आणखी. म्हणून रिफ्लेक्टरवाली 12 टक्के यूव्हीबीची टी5 (बारीक व्यासाची) ट्यूब असेल तर पाठीपासून साधारण 25-30 सेंमीवर हवी.

लाकडी पेटीत ट्यूब छताला आतून लागते. मध्ये जाळी नाही, म्हणून तीच ट्यूब 35-40 सेंमीवर पुरते. पेटी 60 सेंमी उंच असेल तर उत्तम. आमची पेटी 45चीच होती. आमची चिंगी, म्हणजे आमची बिअर्डेड ड्रॅगन, फांदीवर चढून ट्यूबच्या अगदी खाली जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिचा डावा डोळा मिटलेला दिसला, दिवसभर बिळातून बाहेर आली नाही. डॉक्टरांकडे नेलं, फांदी काढली, तेव्हा कुठे आठवड्याभरात डोळा उघडला. बुटक्या पेटीत ट्यूब आत बसवू नका, हे मी कळकळीने सांगते.

स्क्रूसारखा बसणारा कॉम्पॅक्ट बल्ब स्वस्त पडतो, पण त्याचा झोत एवढ्याशा जागेवर पडतो. या सरड्याला पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची ट्यूबच हवी. मर्क्युरी व्हेपर बल्ब उष्णता आणि यूव्ही एकत्र देतो, पण त्याला डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) चालत नाही. लहान टँकला तो नकोच.

कुठलाही दिवा घ्या, तो वरूनच लावा. भुवईच्या कंगोऱ्याची सावली डोळ्यावर पडते ती प्रकाश वरून आला तरच. बाजूने लावलेला दिवा थेट बुबुळात जातो. ट्यूब आणि सरडा यांच्यामध्ये काच येऊ देऊ नका, साधी काच जवळपास सगळं यूव्हीबी अडवते. शक्य असेल तर सोलारमीटर 6.5 (यूव्ही मोजायचं हातातलं यंत्र) कुणाकडून तरी उसना आणा: दगडावर पाठीच्या उंचीला यूव्हीआय, म्हणजे यूव्हीची तीव्रता, 3 ते 4, आणि दुसऱ्या टोकाच्या आडोशाला शून्य आला पाहिजे.