‘चालू हॉटेल देणे आहे’

लालबागला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, १२ वर्षं झाली. आठ बाय दहाचा भाड्याचा गाळा, दोन शेगड्या आणि पोळ्या लाटणाऱ्या तिघी. बसून खायचं आपलं एक हॉटेल असावं ही माझी जुनी हौस. मागच्या वर्षी परळच्या एका गल्लीत शटरवर चिकटवलेला कागद दिसला, ‘चालू हॉटेल देणे आहे’, आणि आमच्या ११ लाखांना पाय फुटले.

देणारा माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. पहिल्या दिवसापासून ‘ताई’. मुलगा पुण्याला असतो, माझी तब्येत साथ देत नाही, म्हणून १८ लाख गुडविलवर, म्हणजे चालत्या धंद्याच्या किमतीवर, सोडतोय म्हणाला. वस्ताद म्हणजे मुख्य आचारी, वेटर, भांडी, फ्रिज सगळ्यासकट. मी काय तपासलं? सांबार चाखलं. वड्याच्या कढईतलं तेल किती दिवसांचं ते बघितलं. तीन दिवस कोपऱ्यातल्या टेबलावर बसून गिऱ्हाईक मोजलं. रोजच्या गल्ल्याचा माझा अंदाज फारसा चुकलाही नाही. जेवण करणारी बाई जसं हॉटेल बघेल तसं बघितलं, विकत घेणारीने बघायचं ते राहूनच गेलं.

गल्ल्यामागे परवाने लॅमिनेट करून लावलेले होते. पालिकेचं हेल्थ लायसन, शेजारी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचं, चौदा आकडी नंबरवालं. वर गजानन महाराजांची तसबीर, आणि तिचा हार इतका लांब की खालच्या दोन्ही कागदांवरचं नाव आणि मुदत झेंडूत बुडालेली. मी येता-जाता तिथे हात जोडायचे. तो हार जरा बाजूला करावा असं एकदाही सुचलं नाही. आमच्या ह्यांनी विचारलं होतं, “लायसन कुणाच्या नावावर आहे?” उत्तर तयारच होतं. “जुन्या पार्टनरच्या, दादा. ट्रान्स्फर करून देतो, एजंट आपलाच आहे.”

हे ट्रान्स्फर प्रकरण मला नंतर कळलं. एफएसएसएआयचं लायसन हॉटेल विकलं म्हणून घेणाऱ्याच्या नावावर जात नाही. मालक वारला तर वारसाच्या नावावर होतं, एरवी घेणाऱ्याने नवीन काढायचं. लायसन नंबर त्यांच्या सरकारी साइटवर टाकला की कुणाच्या नावाचं, चालू आहे की नाही, ते कुणालाही दिसतं. पालिकेचं लायसन महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली मिळतं, त्याची चौकशी वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात करता येते. माझ्या गाळ्यापासून ते ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ.

५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार केला, नोटरी केला. नोटरीचा लाल शिक्का बघून मला वाटलं, झालं. तो शिक्का सही कुणी केली तेवढंच सांगतो. सही करणाऱ्याकडे विकायला काही आहे का, हे तो सांगत नाही. ५ लाख चेकने दिले, ६ लाख रोख, पावतीशिवाय. दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला आयकराच्या कायद्यानेच मनाई आहे, हे वकिलाने सांगितलं तेव्हा मी खालमानेने ऐकून घेतलं. उरलेले ७ लाख लायसन नावावर झाल्यावर द्यायचे होते, म्हणून तेवढे वाचले.

बाविसाव्या दिवशी सकाळी ऐन नाश्त्याच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ वकिलाला घेऊन आले. शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही कोण?”

ते त्या जागेचे पागडीचे भाडेकरू, म्हणजे घरमालकाला एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर जागा धरलेले. माझा ‘मालक’ त्यांच्याकडून कंडक्टिंगवर हॉटेल चालवत होता आणि त्याची मुदत सहा आठवड्यांत संपणार होती. मुंबईत ही पद्धत जुनी आहे. भाडेकरू लायसन स्वतःच्याच नावावर ठेवतो, हॉटेल दुसऱ्याला चालवायला देतो आणि दरमहा ठरलेली रक्कम घेतो. चालवणाऱ्याचा जागेवर हक्क नाही, लायसनवर नाही, पाटीवरच्या नावावरही नाही. पण गल्ल्यावर तोच बसतो, वेटर त्यालाच शेठ म्हणतात. सगळ्यात वर घरमालक, मध्ये भाडेकरू, खाली हा. आणि मी खालच्या पायरीवरच्याला वरच्या पायरीची किंमत मोजली.

पागडीची जागा असेल तर भाडेपावती मागा. तिच्यावर ज्याचं नाव असेल त्याला समोर बसवा, आणि घरमालकाची लेखी संमती असल्याशिवाय पैशाचं बोलू नका. लीव्ह-लायसनची जागा असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवलेला असावा लागतो; नोंदणी खात्याच्या साइटवर सूची-२, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा उतारा, शोधता येते. कंडक्टिंगचा कागद मात्र बऱ्याचदा नोंदवलेलाच नसतो. त्यामुळे तिथे काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. मराठी आणि इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस द्यायला काही हजार लागतात. ती दिली असती तर ते म्हातारबाबा बाविसाव्या दिवसाऐवजी आधीच आले असते.

पुढचं झरझर उलगडलं. भटारखान्याचा अर्धा भाग घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात, पत्रे टाकून वाढवलेला होता आणि त्यावर पालिकेची बेकायदा बांधकामाची, कलम ३५१ ची नोटीस आधीच येऊन पडली होती. सिलिंडरही तिथेच. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली, ती जागा इथून हाकेच्या अंतरावर. त्या पत्र्याखाली मी तीन आठवडे आमच्या पोरींना उभं केलं होतं. जीएसटीही थकलेला. चालता धंदा घेतला तर आधीच्याच्या थकबाकीला घेणाराही जबाबदार धरला जातो, जीएसटी कायद्याचं कलम ८५. विजेच्या बिलाचं तेच.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, “ताई, हे सिव्हिल मॅटर आहे.” वकील म्हणाले, दुसऱ्याची वस्तू स्वतःची सांगून विकली ही सरळ फसवणूक आहे. जुलै २०२४ पासून त्याला नव्या न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आपल्या तोंडात अजून ४२० च बसलंय. ठाण्यात घेतलं नाही म्हणून वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला, मग मॅजिस्ट्रेटकडे. चेकचे ५ लाख कागदावर आहेत. रोखीचे ६ लाख आमच्या तोंडी.

हॉटेल मी त्याच आठवड्यात रिकामं केलं. वस्तादचा दोन महिन्यांचा पगार त्याने बुडवला होता, तो मी दिला. त्या माणसाचा काय दोष? सामान मोजायला बसलो तेव्हा दोन्ही फ्रिज कोल्ड्रिंकच्या कंपनीचे निघाले, तेही त्यांची माणसं घेऊन गेली. माझ्या वाट्याला चार पातेली आणि एक चहाचा थर्मास आला.

पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. तोवर सकाळी सहाला कणीक मळायला घेतेय.