एम-सिरीज मॅकवर नोडचा सेटअप: रोझेटा की सरळ आर्म?

ऑफिसने इंटेल चिपचा मॅक परत घेऊन अ‍ॅपलच्या आर्म चिपचा एम1 हातात ठेवला, तेव्हा माझ्याकडे दोन प्रोजेक्ट होते. एक नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 14 वर अडकलेला, दुसरा व्हीट या बिल्ड टूलवरचा, ताजा. त्यामुळे दोन्ही वाटा चालून झाल्या.

पहिली वाट आळशी माणसाची, म्हणजे माझी. टर्मिनलच्या 'गेट इन्फो'त रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम आर्म मॅकवर चालवणारा अ‍ॅपलचा दुभाषा) टिक करायची आणि होमब्रूपासून, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या टूलपासून, सगळं इंटेलचंच टाकायचं. जुना प्रोजेक्ट त्याच दिवशी उभा राहतो, हे मान्य करायलाच हवं. आर्म मॅकसाठी नोडच्या तयार बायनरी 16 पासून मिळतात. सरळ आर्मवर एनव्हीएमकडे (नोडच्या आवृत्त्या टाकणारं टूल) 14 मागितलं की तो सोर्स उतरवून कंपाइल करत बसतो. माझा चहा झाला, जेवण झालं, आणि वर एरर आला.

तरी रोझेटा सोडलं, ते एका कटकटीपायी. टिक फक्त टर्मिनलला होती. व्हीएस कोड या एडिटरमधलं टर्मिनल मात्र आर्मचं. तिथे होमब्रूची 'ब्रू' कमांड चालवली की ते म्हणणार, आर्म प्रोसेसरवर इंटेलच्या फोल्डरात इन्स्टॉल करता येत नाही. नोडचंही तेच. 18 बाहेरून टाकलेलं, म्हणून इंटेलचं; 20 व्हीएस कोडमधून टाकलेलं, म्हणून आर्मचं. पॅकेजं एकावर उतरवली, सर्व्हर दुसऱ्यावर चालवला, आणि व्हीट आतून वापरतं त्या ईएसबिल्डने सांगितलं की मला दुसऱ्याच प्लॅटफॉर्मसाठी टाकलंय. मी अख्खी दुपार व्हीटच्या कॉन्फिगवर संशय घेत बसलो होतो. चालू नोड इंटेलचा की आर्मचा हे सांगणारं 'नोड -पी प्रोसेस.आर्च' आधीच चालवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

आता सगळं आर्मचं, होमब्रू 'ऑप्ट' फोल्डरात. फक्त नोड 14 साठी एकदा 'आर्च -एक्स86_64 झेडएसएच' करून, म्हणजे इंटेलचं शेल उघडून, त्या शेलमधून एनव्हीएमने टाकलं. नंतर ते कुठल्याही टर्मिनलमधून चालतं, रोझेटा पडद्यामागे आपलं काम करतं. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम तयार इमेजमधून वेगळे चालवणारं टूल) मायएसक्यूएल डेटाबेसच्या 5.7 ला आर्मची इमेज नाही, तिथे प्लॅटफॉर्म एएमडी64, म्हणजे इंटेलवालाच, लिहावा लागतो. 8 ला ती भानगड नाही. वेग मोजलेला नाही, पण आर्मवर एनपीएम इन्स्टॉल (नोडची पॅकेजं उतरवणारी कमांड) लवकर उरकतं असं वाटतं खरं.

तुमच्याकडे एकच जुना प्रोजेक्ट असेल आणि तोही लवकरच संपणार असेल, तर रोझेटाला नाव ठेवणार नाही. फक्त अ‍ॅपलने सांगून टाकलंय की सर्वसाधारण वापरासाठी ते मॅकओएस 27 पर्यंतच राहील. माझ्या 14 वाल्या क्लायंटलाही हे कळवलं. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू.