'उझुमाकी': वाचायची की बघायची, आणि कशावर?

भयकथा रंगवणारा जपानी चित्रकथाकार जुन्जी इतो याच्या नादी लागायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी त्याच्या 'उझुमाकी' या मंगापाशी, म्हणजे जपानी चित्रकथेपाशी, येऊन थांबते. मग प्रश्न पडतो, सुरुवात कशाने करायची? तिन्ही खंडांचं जाडजूड एकत्रित पुस्तक आहे, तेच मोबाइलवर किंवा टॅबवर मिळतं, २००० सालचा सिनेमा आहे आणि २०२४ मध्ये आलेली चार भागांची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका आहे. मी हे सगळं पालथं घालून झालोय. गोष्टीचा अंदाज तुम्हाला असणारच: कुरोझु नावाचं गाव, त्याला झपाटणारा भोवरा (म्हणजे वेटोळ्याचा आकार), शाळकरी किरिए आणि तिचा मित्र शुइची. म्हणून कथेत फार शिरत नाही आणि शेवट तर अजिबात फोडत नाही.

सिनेमाचं आधी सांगून टाकतो. हिगुचिन्स्की या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. मंगा 'बिग कॉमिक स्पिरिट्स' साप्ताहिकात १९९८-९९ मध्ये येत होती आणि ती पुरती संपायच्या आतच चित्रपटाचं काम सुरू झालं होतं. त्यामुळे त्याने शेवट आपल्या मनाने केलाय. सगळ्या पडद्यावर शेवाळलेली हिरवट छटा आहे, आणि मागच्या भिंतीत किंवा आभाळात मधूनच एखादा भोवरा गुपचूप फिरून जातो. रेन ओसुगीने केलेले शुइचीचे वडील मला फार आवडतात. भिंतीवरच्या गोगलगायीचं चित्रण करत बसलेला तो माणूस बघून आधी हसू येतं आणि लगेच आपण का हसलो असं वाटतं. पण मूळ कथा माहीत नसताना हा सिनेमा तुटक वाटण्याची शक्यता बरीच. वाचून झाल्यावर मात्र जरूर बघा, त्याची विक्षिप्त गंमत तेव्हाच कळते.

खरी रस्सीखेच अ‍ॅनिमे आणि पुस्तकात आहे. हिरोशी नागाहामाची ही मालिका २०१९ मध्ये जाहीर झाली आणि पुढे ढकलली जात जात सप्टेंबर २०२४ मध्ये आली. ती पूर्ण कृष्णधवल आहे आणि संगीत कॉलिन स्टेटसनचं. पहिला भाग बघताना मी चाटच पडलो. इतोची ती बारीक, खरवडल्यासारखी रेघ जशीच्या तशी हलताना दिसेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. किरिए गवतातून चालत येते तेवढ्यानेसुद्धा पोटात कालवतं. दुसऱ्या भागापासून मात्र चित्रांचा दर्जा असा काही घसरतो की वेगळं सांगायची गरज उरत नाही. चालणं लाकडी होतं आणि चेहरे सपाट. त्यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली, त्यात मी भर घालत नाही. शेवटाकडे मालिका थोडी सावरते, असं माझं मत.

मला जास्त खटकली ती घाई. पुस्तकात सहाशेहून जास्त पानं आहेत आणि इथे सगळं मिळून दीडेक तासात उरकायचंय. मग करणार काय? वेगवेगळी प्रकरणं एकमेकांत गुंफली आहेत. शुइचीच्या वडिलांचं भोवऱ्याचं वेड चालू असतानाच अझामी नावाच्या मुलीच्या कपाळावरची खूण वाढायला लागते. युक्ती म्हणून ही हुशारी आहे, पण त्यामुळे गावाला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. मंगात एक भयंकर प्रकार घडतो, प्रकरण संपतं, आणि पुढच्या प्रकरणात शाळा भरलेली असते, पोरं दंगा करताहेत, जणू काही झालंच नाही. एवढं सगळं घडूनही गावातली माणसं गाव सोडत नाहीत, हाच मला मंगातला सगळ्यात भीतिदायक भाग वाटतो. एकापाठोपाठ एक संकटं कोसळायला लागली की ते जाणवत नाही, निव्वळ धावपळ जाणवते.

आता पडद्यावर वाचण्याबद्दल, कारण माझा निर्णय खरं तर तिथे झाला. कारण ऐकून तुम्ही हसाल.

इतोची भीती पान उलटण्यावर उभी असते. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी काहीतरी बघतं, डोळे विस्फारतात, बस्स. काय दिसलं ते पानामागे. पहिल्या प्रकरणात शुइचीच्या वडिलांचं ते गोल लाकडी पिंप आठवा, किंवा वाचलं नसेल तर विसरा. तिथे आपल्या बोटात पानाचा कोपरा असतो आणि उलटावं की नाही हा प्रश्न अक्षरशः आपल्या हातात असतो. उलटलं की सगळं चित्र एका झटक्यात अंगावर येतं.

मोबाइलवर बोट सरकवलं की पुढचं पान कडेने हळूहळू आत येतं. आधी काळ्या शाईची एक पट्टी दिसते, मग केसांची वेटोळी, मग अर्धा चेहरा. म्हणजे भूत दार ढकलून येण्याऐवजी चपला काढत, 'येऊ का' विचारत आल्यासारखं! उभं सरकवायची सोय त्याहून वाईट, कारण चित्राचा माथा आधीच दिसतो आणि उरलेलं आपण ओळखून मोकळे होतो. ते सरकणं बंद करायचा पर्याय काही ठिकाणी सापडतो, मी तोही करून बघितला. पण मग जोडपानी चित्रं मधोमध कापली जातात, नाहीतर आडव्या मोबाइलवर बोटभर होतात. टॅबवर हा त्रास कमी आहे हे मान्य. मोठा टॅब असेल आणि रात्री दिवा न लावता वाचायची सवय असेल, तर माझी ही कुरकुर तुम्हाला फाजील वाटेल, तेही चालेल. एकदा लक्षात आल्यावर मला मात्र दुसरं काही दिसेना.

आणि गंमत म्हणजे अ‍ॅनिमेत मला नेमकं काय कमी वाटत होतं, ते या चिडचिडीमुळेच समजलं. तिथे पान दिग्दर्शक उलटतो. कॅमेरा हळूहळू सरकत जातो, सॅक्सोफोन घशातून आल्यासारखा घुमायला लागतो, आणि आता काहीतरी दिसणार हे कळून आपण उशी तोंडावर धरायला मोकळे. पुस्तकात उशी धरून भागत नाही, कारण पान आपण उलटल्याशिवाय पुढचं घडतच नाही.

पुस्तकाचं सगळंच गोड आहे असं नाही. एकत्रित आवृत्ती पुठ्ठा बांधणीची आणि चांगलीच वजनदार आहे. पाठीवर झोपून वाचायला जाल तर मनगटं बोलतील आणि डुलकी लागली तर नाकही बोलेल. जोडपानी चित्रांचा मधला भाग शिवणीत थोडा गडप होतो, विशेषतः पुस्तकाच्या मध्याला. लोकलमध्ये उभ्याने वाचायचा विचार तर सोडूनच द्या. सुटे तीन खंड कुठे बऱ्या अवस्थेत, वाजवी किमतीत दिसले तर हाताला तेच सोयीचे. पण ते शोधत बसण्यापेक्षा एकत्रित पुस्तक सरळ मिळतं. भाषा इंग्रजी आहे, पण संवाद थोडके आणि सोपे. घरातल्या नववी-दहावीच्या मुलांनाही कळतील, फक्त त्यांच्या हातात द्यायच्या आधी डासांचं आणि त्यापुढचं इस्पितळाचं प्रकरण स्वतः वाचून ठरवा. बाळंतपण जवळ आलेल्या कोणाच्या हाती तर देऊच नका.

खर्च करायच्या आधी चव बघायची असेल तर अ‍ॅनिमेचा फक्त पहिला भाग बघून थांबा. आवडला तर दुसरा भाग लावायच्या ऐवजी पुस्तक मागवा. सगळी मालिका आधी बघून मग पुस्तक घेणारेही माझ्या ओळखीत आहेत आणि ते काही दुःखी नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की पिंपाचं ते पान कोरं असताना उलटायची संधी एकदाच मिळते.

आणि एक. एकत्रित पुस्तकात शेवटच्या प्रकरणानंतर आकाशगंगांवरचं एक जादाचं प्रकरण छापलंय. कथेच्या क्रमात ते आधी कुठेतरी बसणारं आहे. शेवट वाचल्या वाचल्या त्याला हात घालू नका, एखादा दिवस मध्ये जाऊ द्या.