मस्टँगच्या नाकात डीएलई-५५आरए: एक इंजिन, तीन प्रोपेलर

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या मोठ्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती उडवणाऱ्या मंडळींत इंजिनाची चर्चा बहुधा अश्वशक्तीपासून सुरू होते आणि अश्वशक्तीपाशीच थांबते. एक-पंचमांश प्रमाणातील पी-५१डी मस्टँगमध्ये डीएलई-५५आरए हे इंजिन मी दोन हंगाम चालवले आहे. विमानाच्या पंखांचा विस्तार ८९ इंच आहे आणि वजन इंधनाशिवाय साडेदहा किलोच्या घरात आहे. या काळात तीन निरनिराळे प्रोपेलर लावून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, या आकाराच्या वॉरबर्डमध्ये, म्हणजे लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत, इंजिन किती शक्तीचे आहे यापेक्षा ते नाकात कसे बसते, कसे थंड राहते आणि कोणता प्रोपेलर फिरवते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

इंजिनाची ओळख थोडक्यात करून देतो. हे ५५.६ सीसीचे, एका सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन असून त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३५ मिमी आहे. नावातील ‘आरए’ ही अक्षरे मागच्या बाजूस असलेल्या एक्झॉस्टची खूण आहेत. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. मस्टँगच्या निमुळत्या नाकात मात्र सगळे त्यावरच अवलंबून असते, कारण नेहमीच्या डीएलई-५५चा मफलर बाजूला येतो आणि त्यासाठी काऊल, म्हणजे इंजिनावरचे आवरण, कापावे लागते. ६० सीसी वर्गातील दोन सिलिंडरचे इंजिन कितीतरी कमी थरथरते, हे मान्य आहे. पण त्याचे दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना बाहेर येतात. पी-४७ या दुसऱ्या लढाऊ विमानाच्या गोल, रुंद काऊलमध्ये ते सहज लपतात, मस्टँगमध्ये लपत नाहीत.

थंडाव्याचा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. खऱ्या मस्टँगचे मर्लिन इंजिन द्रवाने थंड होत असे आणि त्याचा रेडिएटर पोटाखाली होता. नाकाला स्पिनरखाली (प्रोपेलरच्या मध्यावरील टोकदार टोपीखाली) कार्ब्युरेटरसाठी एक लहानसे तोंड तेवढे पुरत असे. आपले इंजिन मात्र हवेने थंड होते आणि त्याला लागणारी सगळी हवा त्याच लहानशा तोंडातून आत यावी लागते. पहिल्याच हंगामात एप्रिलच्या दुपारी चौथ्या-पाचव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज जड होऊ लागला, तेव्हा मी आधी सुयांना दोष दिला, म्हणजे मिश्रण बिघडले असे समजलो. खरे कारण वेगळेच होते. आत आलेली हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जात होती. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांचे आडोसे करून ती हवा सिलिंडरवरच्या थंडाव्यासाठीच्या पातळ चकत्यांमधूनच जाईल अशी वाट बांधली, बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेच्या अडीचपट केली आणि त्यानंतर ही तक्रार पुन्हा उद्भवली नाही. आत येणारे तोंड मोठे करण्याची गरज पडली नाही, हे आवर्जून सांगतो, कारण पहिला हात सगळ्यांचा तिकडेच जातो.

आता प्रोपेलर. खऱ्या मस्टँगचा चार पात्यांचा प्रोपेलर ११ फूट २ इंच व्यासाचा होता. मर्लिन ३००० फेऱ्यांवर असताना गिअरमुळे तो मिनिटाला साधारण १४४० फेरेच फिरत असे. एक-पंचमांश हिशेबाने आपल्याला जवळजवळ २७ इंच व्यास हवा. पण आपल्या इंजिनाला गिअर नाही आणि त्याची ताकद सात हजार फेऱ्यांच्या आसपास असते, त्यामुळे व्यास २२-२३ इंचांवरच थांबवावा लागतो. प्रोपेलरचा भार अंदाजे व्यासाच्या चौथ्या घाताने आणि पिचच्या (एका फेऱ्यात प्रोपेलर हिशेबाने जितका पुढे सरकतो त्या अंतराच्या) सरळ प्रमाणात वाढतो, एवढे ठोकताळ्याचे गणित लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतात. पिच ८ वरून १० केले तर भार पावपट वाढतो, तर व्यास २२ वरून २४ केला तर तो चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो.

माझ्याकडचा पहिला प्रोपेलर लाकडी २२×८ (व्यास २२ इंच, पिच ८ इंच) होता. जमिनीवर इंजिन सात हजारांपर्यंत सहज जाते, गवतावरून उड्डाण झटपट होते आणि उतरताना कमी फेऱ्यांवर हा प्रोपेलर चांगला ब्रेक लावतो. पण पिच आणि फेरे यांवरून निघणारा वेग ताशी ८५ किलोमीटरच येतो. हवेत फेरे थोडे वाढतात, तरी मस्टँग प्रशिक्षण विमानासारखे रेंगाळते. २२×१० लावल्यावर जमिनीवरचे फेरे साडेसहा हजारांच्या आसपास आले, हिशेबाचा वेग ताशी जवळपास १०० किलोमीटर झाला आणि कमी उंचीवरून वेगाने जाताना येणारा आवाजही अधिक खर्जाचा झाला. माझ्या मते या इंजिनासाठी आणि या विमानासाठी हीच योग्य जोडी आहे. तिसरा प्रोपेलर तीन पात्यांचा, २०×१० होता. वरच्या ठोकताळ्याने त्याचा भार दोन पात्यांच्या २२×१० इतकाच येतो, आणि इंजिननेही तसाच अनुभव दिला. दिसायला तो फार उठावदार आहे, जमिनीपासून एक इंच जास्त अंतर मिळते, पण चढताना ओढ किंचित कमी जाणवते. समतोल करणेही कष्टाचे आहे. एका विक्रेत्याकडून आलेल्या नगाचे मधले छिद्रच केंद्रापासून सरकलेले निघाले, आणि एका सिलिंडरच्या मुळातच थरथरणाऱ्या इंजिनावर तसला प्रोपेलर चढवणे धोक्याचे असल्याने तो परत केला.

पुण्याच्या परिसरात उडवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. समुद्रसपाटीपासूनची साडेपाचशे मीटर उंची आणि मेमधील ३८ अंश तापमान एकत्र धरले तर हवा प्रमाणित वातावरणातील दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. अशा वेळी टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारे यंत्र, फसवतो. इंजिनाची शक्ती घटते, पण विरळ हवेत प्रोपेलरचा भारही तेवढाच घटतो, म्हणून फेरे जानेवारीइतकेच दिसतात आणि ओढ मात्र कमी असते. उन्हाळ्यात मी धावपट्टीचा अंदाज त्या प्रमाणात वाढवून धरतो आणि उजव्या रडरवरचा (शेपटीवरच्या, दिशा वळवणाऱ्या पट्टीवरचा) अंगठा जरा लवकर हलवतो.

आता जुन्या झेनोआ जी-६२शी तुलना अटळ आहे. ते ६२ सीसीचे जपानी इंजिन चुंबकीय इग्निशनचे आहे. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही, पण ते डीएलईपेक्षा सुमारे अर्धा किलो जड आहे. एरोबॅटिक विमानात हा दोष ठरेल. वॉरबर्डचे नाक आखूड असते, गुरुत्वमध्य जागेवर आणण्यासाठी पुढे शिसे ओतावेच लागते, आणि निरुपयोगी शिशापेक्षा जड इंजिन केव्हाही बरे. माझ्या मस्टँगला डीएलईसह पुढे ३५० ग्रॅम शिसे लागले. मित्राच्या पी-४७मध्ये जी-६२ आहे, शिसे अजिबात नाही. तिथे सुमारे १० इंच व्यासाचे काऊल प्रोपेलरच्या मधल्या भागामागची हवेची वाट अडवते, म्हणून त्याने २४×८ हा मोठा व्यास निवडला आहे, आणि तो निर्णय बरोबर आहे. आरंभी मी त्याला उगाच हसलो होतो.

इंधनात ३०:१ प्रमाणात टू-स्ट्रोक तेल मिसळतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने उड्डाण संपले की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करतो. तसे न केल्यास कार्ब्युरेटरमधला डायाफ्राम (पातळ पडदा) कडक होतो. लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पहिल्या काही उड्डाणांनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण लाकूड दबते. चार पात्यांचा हुबेहूब प्रोपेलर मी फक्त प्रदर्शनासाठी ठेवला आहे. तो चढवलेला असताना इग्निशनची बॅटरी विमानातून काढून खिशात ठेवतो.